नव्या मुलखातले शेजारी

तुमच्यापैकी कोणी कधी गाव बदलले आहे का? वडिलांची बदली झाली, धंद्यासाठी घर हलवावे लागले, किंवा मोठ्या बहिणीचे लग्न होऊन ती दूरच्या शहरी गेली आणि सुट्टीत तुम्ही तिच्याकडे राहायला गेलात. पहिले काही दिवस कसे जातात ते आठवून पाहा. दूध कोठे मिळते, नळाला पाणी केव्हा येते, कोणत्या गल्लीतला कुत्रा अंगावर धावतो आणि कोणता नुसताच भुंकतो, यांतले काहीही आपल्याला ठाऊक नसते. महिना-दोन महिने गेले की हे सारे पायांना पाठ होते. मग त्या गावात आपण अंधारातही बिनधास्त चालू लागतो.

हा पाठ अशाच नव्या मुलखात आलेल्यांविषयी आहे. त्यांतले काही दोन पायांचे आहेत आणि काही चार पायांचे.

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेला जुन्नर आणि आंबेगाव हे दोन शेजारशेजारचे तालुके आहेत. पुण्याहून नाशिककडे जाणारा महामार्ग या दोन्ही तालुक्यांतून जातो. मंचर, नारायणगाव, आळेफाटा ही गावे याच रस्त्यावर लागतात. पश्चिमेला सह्याद्रीचे डोंगर आणि जंगल, पूर्वेला सपाट शेतजमीन. जुन्नर गावाजवळ शिवनेरी किल्ला आहे. 1630 मध्ये शिवाजी महाराजांचा जन्म याच किल्ल्यावर झाला, हे तुम्ही इतिहासात वाचले असेलच.

परक्या मुलखातून येणारी माणसे जुन्नरने पूर्वीपासून पाहिली आहेत. फार जुन्या काळी कोकणातून नाणेघाट चढून व्यापारी येथे येत. पुढे निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने काही काळ जुन्नरला राजधानी केली होती. हा मलिक अंबर मूळचा आफ्रिकेतला. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला हा मुलगा समुद्र ओलांडून दख्खनमध्ये आला आणि या मुलखाची डोंगरवाट न् डोंगरवाट त्याने अशी ओळखून घेतली की मोगलांच्या मोठ्या फौजाही त्याच्यापुढे हैराण झाल्या. नव्या मुलखात टिकायचे तर आधी त्याच्या वाटा शिकाव्या लागतात, हे त्याच्या चरित्रातून दिसते. पण आपल्याला इतिहासात फार वेळ थांबायचे नाही.

गेल्या पन्नास-साठ वर्षांत या भागाचे रूप पार बदलले. कुकडी, मीना, पुष्पावती, घोड अशा नद्यांवर आणि त्यांच्या उपनद्यांवर धरणे झाली. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही त्या धरणांची नावे. कालव्यांतून पाणी वाहू लागले. जेथे पावसावर बाजरी पिकत होती तेथे ऊस उभा राहिला आणि साखर कारखाने निघाले. यासाठी काहींना मोठी किंमत मोजावी लागली. ज्या गावावरून आंबेगाव तालुक्याला नाव मिळाले ते आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्यात बुडाले. तालुक्याचे नाव राहिले, गाव गेले, आणि तेथल्या लोकांना दुसरीकडे जाऊन नव्याने संसार मांडावा लागला.

ऊस आला आणि त्याच्याबरोबर बिबट्याही आला.

बिबट्या हा शब्द तुम्हांला कदाचित नवा असेल. उर्दूत ज्याला तुम्ही तेंदुआ म्हणता तोच हा. पुष्कळ लोक त्याला चित्ता म्हणतात, पण ते चूक आहे. चित्त्याच्या अंगावर भरीव काळे ठिपके असतात आणि डोळ्यांपासून तोंडापर्यंत अश्रू ओघळल्यासारखी काळी रेघ असते. बिबट्याच्या अंगावरचे ठिपके फुलाच्या पाकळ्यांसारखे गोल मांडलेले असतात. चित्ता तर आपल्या देशातून नाहीसाच झाला होता. सप्टेंबर 2022 मध्ये आफ्रिकेतील नामिबिया देशातून आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनो येथे आणण्यात आले. तेही नव्या देशात रुळायला आलेलेच. बिबट्या मात्र येथला जुना रहिवासी. सह्याद्रीच्या डोंगरात राहणारे महादेव कोळी आदिवासी वाघोबाला देव मानतात आणि दिवाळीच्या सुरुवातीला वाघबारस नावाचा सण पाळतात. त्यांच्या वाघोबात वाघही येतो आणि बिबट्याही. म्हणजे जनावर ओळखीचेच होते. बदलले ते त्याचे घर.

उसाच्या शेतात त्याला काय मिळते? ऊस माणसाच्या डोक्याच्या वर वाढतो आणि वर्षभर, कधी त्याहूनही जास्त काळ उभा असतो. आत गारवा असतो, सावली असते, जवळ कालव्याचे पाणी असते. दिवसभर तेथे कोणी फिरकत नाही. आणि आसपासच्या वस्त्यांवर कुत्री, शेळ्या, कोंबड्या, डुकरे. बिबट्याला हरीणच लागते असे नाही. शेजारच्या अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात शास्त्रज्ञांनी बिबट्यांच्या विष्ठेची तपासणी केली, तेव्हा त्यांच्या खाण्यात पाळीव आणि गावातल्या प्राण्यांचा वाटा 87 टक्के भरला. त्यांतही सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा होता. गावाबाहेर टाकलेल्या कचऱ्यावर कुत्री वाढतात आणि कुत्र्यांवर बिबटे जगतात. म्हणजे त्याला आमंत्रण एका अर्थी आपणच धाडतो.

उसात जन्मलेल्या बछड्याने, म्हणजे बिबट्याच्या पिलाने, जंगल कधी पाहिलेलेही नसते. ‘जंगलातला प्राणी गावात शिरला’ असे आपण म्हणतो तेव्हा हे लक्षात ठेवा. त्याच्या दृष्टीने तो आपल्या घरातच असतो.

आता एक प्रश्न विचारतो. वस्तीजवळ बिबट्या दिसला तर लोक काय म्हणतील? ‘याला पकडा आणि लांब जंगलात नेऊन सोडा.’ तुम्हीही हेच म्हणाल. मीही म्हटले असते. ऐकायला ते अगदी सरळ वाटते. जुन्नर भागात नेमके हेच केले गेले. 2001 ते 2003 या काळात पकडलेल्या बिबट्यांपैकी 29 बिबटे सरासरी सुमारे 40 किलोमीटर दूरच्या जंगलांत नेऊन सोडण्यात आले. मग हल्ले कमी व्हायला हवे होते. झाले उलटेच. त्यापूर्वी या भागात माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. या काळात ते वर्षाला सतरावर गेले. जेथे बिबटे सोडले त्या जंगलांच्या आसपासही हल्ले होऊ लागले.

डॉ. विद्या अत्रेय या संशोधिकेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सगळे आकडे जमवले, एकमेकांशी ताडून पाहिले आणि 2011 मध्ये ते शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. असे का झाले असेल? त्याचे उत्तर समजायला या पाठाच्या सुरुवातीला आठवलेले नवे गाव पुन्हा डोळ्यांसमोर आणा. बिबट्या आपल्या हद्दीत राहतो. पाणी कोठे आहे, कोणत्या वस्तीवर दिवा उशिरापर्यंत जळतो, कोणत्या बांधावरून गुपचूप जाता येते, हे त्याला पाठ असते. माणसांना टाळण्याची कला त्याला त्या ओळखीतून येते. अशा जनावराला पिंजऱ्यात घालायचे, भोवती शेकडो माणसांचा आरडाओरडा, मग गाडीत हादरे खात प्रवास, आणि रात्री अनोळखी डोंगरात दार उघडायचे. तेथे दुसऱ्या बिबट्याची हद्द असते. नव्याला तो थारा देत नाही. हा भुकेला, भेदरलेला जीव घराच्या दिशेने निघतो आणि वाटेत माहीत नसलेल्या गावांत, माहीत नसलेल्या माणसांसमोर येतो. इकडे त्याची मोकळी झालेली जागाही रिकामी राहत नाही. दुसरा एखादा बिबट्या येऊन ती धरतो, आणि त्यालाही तो भाग नवाच असतो. एकाला हलवले की परके दोन होतात.

याचे एक उदाहरण तर सिनेमापर्यंत पोहोचले. 2009 मध्ये अहमदनगर जिल्ह्यातील टाकळी ढोकेश्वर गावी एक बिबट्या विहिरीत पडला. त्याला बाहेर काढले, गळ्यात त्याचा ठावठिकाणा कळवणारा पट्टा बांधला आणि जुन्नरच्या हद्दीवरच्या माळशेज घाटात सोडले. वयस्कर आणि शांत दिसला म्हणून त्याचे नाव ठेवले आजोबा. आजोबा घाटात राहिला नाही. तो चालत सुटला. रात्री चालायचे, दिवसा लपायचे. मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडला, कसाऱ्याजवळ रेल्वेमार्ग ओलांडला, वसईची खाडी पोहून पार केली आणि सुमारे 120 किलोमीटरचा प्रवास करून तो मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या भागात जाऊन पोहोचला. इतक्या दाट वस्तीतून जाताना त्याने कोणालाही इजा केली नाही. डिसेंबर 2011 मध्ये महामार्गावर एका वाहनाची धडक बसून तो मेला. त्याच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी एक चीप बसवलेली होती, तिच्यावरूनच तो आजोबा असल्याचे कळले. 2014 मध्ये त्याच्यावर ‘आजोबा’ याच नावाचा मराठी चित्रपट निघाला.

सगळे बिबटे आजोबासारखे नसतात, हेही सांगितले पाहिजे. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर 2025 मध्ये आंबेगावला लागून असलेल्या शिरूर तालुक्यात, पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जणांचा जीव गेला. त्यांत दोन लहान मुले होती. संतापलेल्या लोकांनी मंचर येथे पुणे-नाशिक महामार्ग अडवून धरला. त्यानंतर त्या भागातल्या एका बिबट्याला गोळी घालण्यात आली. ज्या घरातले मूल गेले त्या घराला बिबट्याच्या सवयी समजावून सांगायला कोणाच्या तोंडून शब्द फुटणार? त्यांचा राग खोटा नव्हता. बिबट्यांवर प्रेम करणाऱ्या शहरातल्या माणसांनी ही गोष्ट कधी विसरू नये असे मला वाटते. उसाच्या कडेला राहणाऱ्यांनाच रोज संध्याकाळी मुलांना हाका मारून घरात घ्यावे लागते.

मग या भांडणात मदत करणारे लोक काय करतात? जुन्नरजवळ माणिकडोह धरणापाशी बिबट्यांचे एक निवारा केंद्र आहे. ते वनखात्याचे आहे आणि 2007 पासून वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था तेथे वनखात्याबरोबर काम करते. सापळ्यात पाय गमावलेले, गाडीखाली सापडलेले, आईपासून फार लहानपणी तुटलेले, माणसांवर हल्ला केला म्हणून पकडलेले असे बिबटे तेथे ठेवलेले असतात. त्यांतल्या कित्येकांना पुन्हा मोकळे सोडता येत नाही. डॉक्टर आणि पगारी कामगार तर तेथे असतातच. त्यांच्या जोडीला स्वयंसेवकही येतात. स्वयंसेवक म्हणजे पगार न घेता स्वखुशीने काम करणारा. काही पुण्या-मुंबईहून येतात आणि काही थेट परदेशांतून.

अशा माणसाच्या मनात काय चित्र असेल? बिबट्याच्या पिलाला मांडीवर घेऊन बाटलीने दूध पाजतो आहे, असे. प्रत्यक्षात त्याच्या हाती झाडू आणि पाण्याची नळी येते. रिकाम्या केलेल्या पिंजऱ्याची फरशी घासायची. पाण्याचे हौद धुवायचे. मांसाच्या वजनाची नोंद ठेवायची. पिंजऱ्यातल्या बिबट्याने कंटाळून भिंतीलगत येरझाऱ्या घालू नयेत म्हणून लाकडाचे ओंडके बांधायचे, बसायला मचाण करायचे, नखे मारायला गोणपाटाची पोती टांगायची. आणि मग लांब बसून, घड्याळ लावून, वहीत लिहायचे: किती वेळ झोपला, किती वेळ फिरला, पोत्याला हात लावला की नाही. बिबट्याला हात लावायचा नाही, हा पहिला नियम. त्याच्याशी लाडाने बोलायचेही नाही. माणसाचा लळा लागलेला बिबट्या सर्वांत दुर्दैवी. तो जंगलाचाही राहत नाही आणि घराचाही होऊ शकत नाही.

नव्या देशातून आलेल्या माणसाला येथे आणखी एक शाळा असते. भाषा येत नाही, तिखट सोसत नाही, ऊन सोसत नाही. पण पिंजरा धुताना बरोबरचा कामगार बोलतो ते कानावर पडते. ‘थांब’, ‘दार लाव’, ‘मागे हो’ हे शब्द पुस्तकातून शिकायला आठवडा लागेल. पिंजऱ्यापाशी ते एका दिवसात कळतात. तुम्हीही मराठी शिकत आहात. भाषा कामातून लवकर येते, याचा अनुभव बाजारात भाव करताना तुम्ही घेतलाच असेल.

आपल्या इकडची माणसेही दूरच्या देशांत जातात. ऑस्ट्रेलियात नोकरीसाठी गेलेल्या कुटुंबाला पहिल्या वर्षी एकटेपणा फार वाटतो. तेथे वायर्स नावाची एक संस्था 1985 पासून जखमी वन्यप्राण्यांची सेवा करते आणि तिचे बहुतेक काम स्वयंसेवक करतात. नवीन माणसालाही त्यात सामील होता येते, पण आधी प्रशिक्षण घ्यावे लागते; नुसती हौस चालत नाही. त्या देशात पॉसम नावाचा मांजराएवढा, झाडांवर राहणारा प्राणी आहे. रात्री तो घरांच्या छपरांत शिरतो आणि धिंगाणा घालतो. लोकांना वाटते, याला पकडून लांबच्या रानात सोडावे. पण न्यू साउथ वेल्स राज्याचा नियम असा आहे की पकडलेला पॉसम पकडल्या जागेपासून 150 मीटरांच्या आतच सोडला पाहिजे. कारण लांब सोडलेला पॉसम परक्या हद्दीत सहसा जगत नाही. पाहा, प्राणी वेगळा, देश वेगळा, पण आपल्या जुन्नरने जे महागात शिकले तेच तेथेही नियमात लिहिलेले आहे.

आता पुन्हा उसाकडे येऊ. दिवाळीच्या सुमारास कारखाने सुरू झाले की या तालुक्यांत आणखी एक नवा माणूस येतो. तो म्हणजे ऊसतोड मजूर. बीड, पाथर्डी अशा दुष्काळी भागांतून ही कुटुंबे ट्रक-ट्रॅक्टरवर संसार लादून येतात आणि उन्हाळा लागेपर्यंत राहतात. नवरा-बायकोच्या जोडीला येथे ‘एक कोयता’ म्हणतात. शेताच्या कडेला उसाच्या पाचटाची आणि प्लॅस्टिकच्या कागदाची झोपडी बांधतात, तिला कोपी म्हणतात. कोपीला दार नसते. पहाटे अंधारात बाया चूल पेटवतात, पोरे उघड्यावर झोपलेली असतात. गावच्या लोकांना निदान कोणत्या शिवारात बिबट्या फिरतो ते ठाऊक असते. या लोकांना तेही ठाऊक नसते. या मुलखात सर्वांत नवे तेच आणि सर्वांत उघड्यावरही तेच.

त्यामुळे गावातल्या तरुण स्वयंसेवकांचे पहिले काम त्यांच्याशी बोलण्याचे असते. मुलाला एकटे खाली बसू देऊ नका. बसलेले किंवा वाकलेले लहान मूल बिबट्याला छोट्या जनावरासारखे दिसते. रात्री बाहेर जाताना दोघे मिळून जा, हातात बॅटरी ठेवा, मोठ्याने बोलत जा. शेळी उघड्यावर बांधू नका. उरलेले अन्न कोपीजवळ टाकू नका, त्याने कुत्री येतात. बिबट्या दिसलाच तर पळू नका. त्याच्याकडे तोंड ठेवून, आवाज करत, हळूहळू मागे सरा. या सूचना साध्या आहेत. तुम्ही कधी या भागात राहायला गेलात तर तुमच्याही उपयोगी पडतील. वनखात्याला कळवण्यासाठी महाराष्ट्रात 1926 हा दूरध्वनी क्रमांक आहे, तोही लक्षात असू द्या.

तरुणांचे दुसरे काम गर्दी मागे ठेवण्याचे. कठडा नसलेल्या विहिरी या भागात पुष्कळ आहेत. रात्री भक्ष्यामागे धावताना बिबट्या विहिरीत पडतो आणि सकाळी पंपाच्या पाइपाला नाहीतर एखाद्या कपारीला धरून राहिलेला दिसतो. मग चारी कोपऱ्यांना दोर बांधून एक बाज, म्हणजे चारपाई, खाली सोडतात. दमलेला बिबट्या तिच्यावर चढून बसतो. नंतर उघड्या दाराचा पिंजरा त्याच्यासमोर सोडतात. तो आत शिरला की दार पाडून पिंजरा वर ओढतात. काम तसे अवघड नाही. अवघड असते काठावरची हजारभर माणसे. कोणी दगड मारतो, कोणी फोटो काढायला वाकतो, कोणी शिट्टी वाजवतो. बिथरलेला बिबट्या मग पिंजऱ्याकडे पाहतच नाही. अशा वेळी दोर ओढणाऱ्या दहा जणांपेक्षा लोकांना मागे सारणारे वीस जण जास्त उपयोगाचे असतात. त्यांचा फोटो मात्र वर्तमानपत्रात येत नाही.

आणि तिसरे काम बछड्यांचे. त्याची गोष्ट सांगून थांबतो.

तोडणी चालू असलेल्या उसाच्या शेताला फड म्हणतात. फडात कोयते चालत चालत मधल्या भागात येतात आणि एकाएकी एखादी बाई ओरडून मागे सरते. पाचटात दोन किंवा तीन बछडे पडलेले असतात. मांजराच्या पिलांएवढे, कधी कधी डोळेही न उघडलेले. आई आसपासच कोठेतरी असते, पण माणसांमुळे बाहेर येत नाही. पूर्वी असे बछडे लोक उचलून नेत, गावभर दाखवत, दूध पाजत. मग ते केंद्रात जात आणि जन्मभर पिंजऱ्यात राहत. बछडे घरी ठेवणे हा कायद्याने गुन्हाही आहे. इकडे आई रात्रभर त्या शिवारात पिलांना शोधत फिरत असे, आणि पिले गमावलेली मादी जवळ फिरते आहे हे कोपीतल्या कुटुंबासाठी फार वाईट.

आता फडातली तोडणी थांबवतात. वनखात्याला निरोप जातो. माणिकडोहहून डॉक्टर येतात, बछड्यांना तपासतात, नर की मादी ते पाहतात, पिसवा आणि गोचिडी काढतात, आणि आजोबाच्या अंगात होती तशी चीप कातडीखाली बसवतात. सूर्य मावळायला आला की बछडे एका खोक्यात ठेवून, ते खोके जेथे पिले सापडली नेमके तेथेच नेऊन ठेवतात. दहा पावले इकडे नाही, दहा पावले तिकडे नाही. अंधारात आपोआप छायाचित्र घेणारा कॅमेरा जवळ बांधतात. शेतमालकाला आणि टोळीच्या मुकादमाला सांगतात की आज रात्री इकडे कोणी यायचे नाही. मजुरांची मुले त्या रात्री दुसऱ्या कडेच्या कोप्यांत, मोठ्यांच्या मध्ये झोपतात.

मग सगळे दूर जाऊन गाडीत बसतात. दिवे बंद. बोलायचे नाही. थंडीच्या दिवसांत उसात दव पडते आणि पाने सळसळतात. प्रत्येक आवाज बिबट्याचा वाटतो. कधी ती तासाभरात येते, कधी पहाटेपर्यंत येत नाही. पहिल्या रात्री नाही आली तर दुसऱ्या रात्री पुन्हा खोके ठेवायचे. अशा रीतीने या भागात शंभराहून अधिक बछडे त्यांच्या आयांकडे परत गेले आहेत. ती आली तरी गाडीतल्यांना काही दिसत नाही. ती खोक्याभोवती फिरते, वास घेते, पंजाने खोके आडवे पाडते, एका बछड्याची मान तोंडात धरून उसात जाते. थोड्या वेळाने दुसऱ्यासाठी परत येते. हे सारे सकाळी कॅमेऱ्यातली छायाचित्रे पाहिल्यावर कळते.

सकाळी स्वयंसेवक फडात जातात तेव्हा त्यांना सापडते ते रिकामे, आडवे पडलेले खोके आणि ओल्या मातीत उमटलेली पावले. ते खोके उचलतात. कोपीजवळची बाई लांबूनच विचारते, ‘नेली का?’

‘नेली,’ ते सांगतात. ती चुलीवरचा तवा उतरवते, पोराला हाक मारते आणि कोयता हाती घेते.